टायमरची पिन

आमच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता आणि तो का, हे विचारायचं नव्हतं: भिंतीवरच्या जुन्या बोर्डाला हात लावायचा नाही. बाबा आणि काका मशीनचे कंट्रोलर दुरुस्त करायचे. दादाही करायचा. मशीन न थांबवताच त्याने त्या बोर्डात हात घातला आणि शॉक बसून गेला, असं मला होस्टेलवर फोन करून सांगितलं होतं. चहाचा कपसुद्धा दोनदा विसळून घेणारा माझा दादा! मला ते कधी पटलं नाही. पण आमच्याकडे मोठे बोलले की विषय संपतो.

त्या दुपारी अंडी उबवायच्या मशीनचा बोर्ड आला. टायमरची चिप गेली होती. तसलीच चिप कशी जोडलीय एवढंच पाहायचं, म्हणून बाबा आणि काका जेवायला गेल्यावर मी भिंतीवरच्या बोर्डाचं झाकण काढलं.

आत जळका वास होता. ताजा.

या टायमरचं काम साधं असतं. प्रोसेसरने त्याला सारखी टपली मारत राहायचं, म्हणजे ‘मी जागा आहे’. टपली वेळेत आली नाही, की टायमर थांबलेलं मशीन स्वतःच पुन्हा सुरू करतो. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की एकाने आत हात घालण्याआधी दुसऱ्याने टायमरची पिन काढून तो बंद ठेवायचा.

पिन जागेवरच होती.

प्रत्येक टपलीला हिरवा दिवा लुकलुकत होता. दोन झटपट, एक थांबून. आणि प्रोसेसरची जागा रिकामी होती.

मग टपल्या कोण मारत होतं? दोन झटपट, एक थांबून... दादा माझ्या खोलीचं दार असंच वाजवायचा.

“झाक ते,” मागून बाबा म्हणाले. अगदी हळू. आमचे बाबा कधी हळू बोलत नाहीत.

काकांनी आत येऊन दाराला कडी घातली. “पाहिलंसच, तर ऐक. हल्ली त्याची टपली उशिरा येते. दमतो तो... आतापर्यंत मी चिपमधली टपलीची मुदत वाढवत आलो, पण आता मला नीट दिसत नाही. तू वाढवून दे. एवढी शिकलीयस ना!”

“आणि मुदत संपली तर?”

“मशीन सुरू होईल.” काकांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. “त्याचे हात अजून आत आहेत, पोरी.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग राग.

“म्हणजे त्याने मशीन थांबवलं होतं. पिन काढायचं काम कुणाचं होतं, काका?”

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे.

“चूक तुमची, आणि नाव त्याचं!”

“मोठ्यांशी असं बोलतात?” बाबा पुटपुटले. “मुदत वाढव. घरातली गोष्ट घरात राहू दे.”

मी पिनेला चिमटीत धरलं.

“ती नको!” काका ओरडले. “पिन काढलीस तर तो... मोकळा होईल.”

“मग होऊ दे. मी मुदत वाढवणार नाही. आज नाही, कधीच नाही. दादा, काढ रे हात!”

मी पिन उपटली. दिवा विझला.

तेवढ्यात, कडी घातलेल्या दारावर टकटक झाली. दोन झटपट, एक थांबून.

“उघडा ना, काका,” मी म्हणाले.

काकांनी दोन्ही हातांनी कडी दाबून धरली होती, आणि दाराच्या फटीतून तो जळका वास आत येत होता.