सोबत आलेली व्यक्ती

प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबूताई म्हणायचे. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याची ती प्रयोगशाळा, आणि नळीतला शेवटचा थेंब मोजून झाल्याशिवाय हिचा आकडा पक्का व्हायचा नाही. बाटलीवरचं लेबल ती तीनदा वाचायची. "लेबल चुकलं की पाणी खोटं बोलतं," असं नव्या लोकांना बजावायची.

अशी बाई स्वतःची तपासणी तीन वर्षं टाळते, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

पंधराव्या वर्षी तिला मानेतल्या आणि छातीतल्या गाठींचा कॅन्सर झाला होता. छातीवर रेडिएशन दिलं, ती बरी झाली, शाळेत परत गेली. पण ज्या किरणांनी वाचवलं त्यांच्यामुळेच पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका असतो, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. इतर बायका चाळिशीच्या पुढे करून घेतात ती तपासणी हिने पंचविशीपासून करायची. मॅमोग्राफी आणि एमआरआय, दर वर्षी, न चुकता.

दहा वर्षं चुकली नाही, कारण आई होती. त्या सकाळी आईच आधी तयार होऊन दारात उभी असायची. आत जाताना घड्याळ, कानातले, पर्स, सगळं आईच्या हातात द्यायचं. आई ते मांडीवर घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसायची, कुणी पळवून नेईल अशा थाटात.

मग आई गेली. झोपेतच गेली. त्या वर्षी थेंबूताई हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरली. घड्याळ काढून द्यायचं कुणाच्या हातात, एवढ्याशा प्रश्नावर पाय अडले. पुढच्या वर्षी फाटकापर्यंतही गेली नाही. हॉस्पिटलातून आठवणीचं पत्र यायचं, तेही बंद झालं. विसरले असतील, असं तिला वाटलं आणि जरा हायसंही वाटलं.

दादा लांबच्या गावी. दर रविवारी फोन करायचा. चौथ्या वर्षी तो चिडला. "आई असती तर कान धरून नेलं असतं तुला!" थेंबूताईने फोन ठेवला आणि वेळ घेतली.

नोंदणीच्या खिडकीतले काका तेच होते, फक्त चष्मा जाड झालेला.

"या. बरोब्बर वर्षाने आलात."

"चार वर्षांनी, काका."

"तुमचं आपलं काहीतरीच!" काकांनी हसून स्क्रीन तिच्याकडे वळवला. मागची भेट: गेल्या वर्षी, याच महिन्याची सतरा तारीख. त्याआधीच्या वर्षीही. त्याच्याही आधीच्या.

लेबल चुकलंय, ती मनात म्हणाली. असं होतं. फॉर्मवर 'सोबत आलेली व्यक्ती' या रकान्यात तिने आडवी रेघ मारली.

मॅमोग्राफीच्या खोलीतल्या बाई बोलक्या होत्या. त्यांनी तिला हात वर धरायला लावला, खांदा पुढे ओढला. गार पाटी वरून सावकाश खाली आली.

"आई बाहेर बसल्यात ना?"

"आई नाहीये."

"घरीच का? बरंय. गेल्या वर्षी फार थकलेल्या वाटल्या मला."

थेंबूताई दोन पाट्यांत दाबलेली. तिला वळून बघताही येईना. यंत्र घरघरलं आणि थांबलं.

एमआरआयही झाल्यावर डॉक्टरांनी तिला पडद्यासमोर बसवलं. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. पडद्यावर चार वर्षांच्या चार फिल्म ओळीने लावलेल्या. थेंबूताईने नाव, नंबर, जन्मतारीख तीनदा वाचली. तिच्या उजव्या बाजूला एकोणतिसाव्या वर्षापासून कॅल्शियमचा एक बिनधोक ठिपका होता, स्वल्पविरामासारखा वाकडा. तो चारही फिल्ममध्ये होता. जिथल्या तिथे.

पण डाव्या बाजूला, पहिल्या फिल्ममध्ये काही नाही. दुसरीत तिळाएवढी गाठ. तिसरीत वाटाण्याएवढी.

चौथी, आजची, स्वच्छ.

"गाठ कुठे काढून घेतलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी कुठेच गेले नाही."

"व्रणही नाही." डॉक्टरांनी पुन्हा तिसरी फिल्म मोठी करून पाहिली. "अशी गाठ आपणहून जात नाही. गेल्या वर्षी मी आठ दिवसांत तुकडा तपासायला बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, आईला विचारून येते. आणि आला नाहीत."

थेंबूताईने गेल्या वर्षीचा फॉर्म बघायला मागितला. खाली सही तिची होती, शेवटच्या अक्षराचं शेपूट थेट कागदाच्या कडेपर्यंत ओढलेलं. 'सोबत आलेली व्यक्ती' समोर आईने स्वतःचं नाव लिहिलं होतं. अक्षर थोडं थरथरलेलं. वेळ, अकरा वाजून दहा मिनिटं.

त्या तारखेला आपण कुठे होतो, हे तिने दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेच्या वहीत पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने टाकीच्या पाण्याचे सहा नमुने तपासून सही केली होती. शेपूट तसंच.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी हॉस्पिटलात तिला भीती अशी वाटलीच नाही. वाटला तो मत्सर. तीन वर्षं ती रोज संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप काढत होती, एका माणसापुरतं भांडं चुलीवर ठेवत होती, आणि आई इथे येऊन बसत होती. कुणासाठी तरी.

जाताना ती पुन्हा मॅमोग्राफीच्या बाईंकडे गेली.

"आई काय बोलायची हो तुमच्याशी?"

बाईंना प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. "तशा अबोलच. गेल्या वर्षी मात्र रडल्या. तुम्ही आत होतात. मी म्हटलं, लेकीची इतकी काळजी करू नका. तर म्हणाल्या..."

"काय?"

"म्हणाल्या, हिला मी आहे. घरी दुसरी आहे ना, तिला कुणी नाही."

बाईंनी मोजे काढून डब्यात टाकले. "तुम्हाला बहीण आहे हे मला माहीतच नव्हतं."

थेंबूताईला बहीण नव्हती. एक दादा तेवढा.

दादाला तिने रिपोर्ट स्वच्छ असल्याचं कळवलं. बाकीचं सांगितलं नाही; सांगणार तरी काय. वर्ष गेलं. नमुने, नोंदी, रविवारचे फोन. बदल म्हणावा तर इतकाच, की घराचं कुलूप उघडताना ती आता किल्ली हळू फिरवायची आणि दार लोटण्याआधी क्षणभर उंबऱ्याबाहेर थांबायची. आत कधी काही नसे.

यंदा तिने तारीख चुकवली नाही. दहा मिनिटं आधीच खिडकीशी गेली. काकांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही बाहेर कशा आलात? आत्ताच तर आत गेलात."

तिने मॅमोग्राफीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. वरचा लाल दिवा लागलेला होता. बाहेरच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या.

"एकटीच आले होते मी?" तिने विचारलं.

"हो ना." काका तिच्याकडे बघणं टाळत होते. "मी विचारलं, आई कुठे? तर म्हणालात, आता ती घरी थांबते. दुसरीपाशी."

तिचा हात पर्समधल्या घराच्या किल्लीकडे गेला.

दारापलीकडून बाईंचा आवाज आला, नेहमीचा, कामातला. "हं. श्वास रोखून धरा."

थेंबूताईने नकळत आपलाही रोखला.

यंत्र घरघरलं. थांबलं.

'सोडा' म्हणतील म्हणून ती वाट बघत राहिली.