बोनटचा डावा कोपरा

भागम्माला त्यात काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकावं. बोनटच्या डाव्या कोपऱ्यावर तिने गरम तांब्या फिरवला नाही, तर दर बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, तिला पाव तास मिळणार होता. जास्त नाही. पाव तास एका माणसाने तिच्याशी बोलायचं, आणि तेही तिच्याकडे बघून. सव्वीस वर्षांत एवढं तिला कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे सौदा तिला स्वस्त वाटला. उलटला तर काय होईल, याचा विचार तिने केला नव्हता असं नाही. ती हुशार होती. विचार केला आणि बाजूला ठेवला.

पाथरीच्या बसस्टँडसमोर तिच्या वडिलांचं, गुरुसिद्धप्पांचं, दुकान होतं. सीट कव्हरं, रेडियमची अक्षरं, आणि दोन वर्षांपासून पन्नी. पन्नी म्हणजे हैदराबादहून येणारा पारदर्शक, चिकट प्लास्टिकचा रोल. गाडीच्या रंगावर ती ताणून बसवली की पाट्या, कुदळी, शेळ्यांची शिंगं, कशाचाच ओरखडा रंगाला लागत नाही. कुणाला नुसतीच हवी असे, कुणाला वरून लाल-पिवळा पट्टा. नामांतराच्या बंदात एस.टी. उभी राहिली की खाजगी जीपवाल्यांना बरे दिवस येत, आणि बरे दिवस आलेला माणूस आधी गाडी नटवतो.

अप्पांचा हात साफ, असं जिंतूरपर्यंत बोललं जाई. खरं म्हणजे अप्पांचा हात कापत होता, तीन वर्षांपासून. ते तो उपरण्याखाली ठेवत. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागाला तरटाचा पडदा होता आणि त्या पडद्यामागे भागम्मा होती. गाडी आली की अप्पा ती दुकानामागच्या बोळात लावून घेत आणि मालकाला समोरच्या हॉटेलात चहाला पिटाळत. सांगत, "मालकाची सावली पडली की पन्नीत फुगे येतात." जीपवाल्यांना ते इतकं पटलं होतं की नव्या माणसाला तेच आधी बजावत. मग भागम्मा बाहेर येई, साबणाचं पाणी शिंपडून पन्नी पसरी, टायरच्या रबराच्या तुकड्याने पाणी बाहेर ढकली, आणि शेवटी निखारे भरलेला तांब्या फडक्यात गुंडाळून चारी कोपऱ्यांवरून फिरवी. तांब्या फिरला की कोपरा जन्मात सुटत नसे. मालक चहा पिऊन येईपर्यंत ती तरटाआड गेलेली असे. कौतुक बाहेर व्हायचं, ती आत ऐकायची.

लग्नाची स्थळं आली होती, तीन. तिन्ही वेळा अप्पांनी पत्रिकेत खोट काढली. खोट पत्रिकेत नव्हती, हातात होती, हे भागम्माला कळत होतं. ती बोलली नाही. आई नव्हती, त्यामुळे बोलायचं कुणापाशी हाही प्रश्न होताच.

चैत्रातल्या एका शनिवारी, बाजाराच्या दिवशी, भुजंग जीप घेऊन आला. गोदाकाठच्या एका गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. जीप त्याची नव्हती, चुलता तात्याराव याची होती. भुजंग ती पाथरी-परभणी लाईनीवर चालवायचा. त्याला चहाला पाठवलं, पण शनिवारी त्याचा निर्जळी उपास. हॉटेलच्या बाकावर नुसतं बसायची लाज वाटली, म्हणून तो परत बोळात आला.

भागम्मा मडगार्डवर गुडघा टेकून होती. कोपरापर्यंत फेस, दातांत ब्लेड. त्याची सावली सरळ बोनटवर पडली. ती दचकली... ब्लेड हातात घेतलं, आणि तोंडात दुसरं काही येईना म्हणून अप्पांचंच वाक्य आलं.

"सावली पडली की फुगे येतात."

"आले का?"

तिने पाहिलं. "न्हाई."

"मंग उभा राहू का?"

तिने रबर उचललं, आणि तो उभा राहिला. रबर फिरत होतं, पाणी कडेने ओघळत होतं. त्याला गाडीकडे बघता आलं असतं. तो हाताकडे बघत होता.

"सगळे म्हणायलेत अप्पाचा हात लय साफ. हात तर तुमचा हाय."

"कुणाला सांगणार हाव का?" तिचा आवाज बारीक झाला.

"सांगू कशाला? एकट्याला म्हाईत असलेली माझ्याकडं एकच गोष्ट हाय. ती बी वाटून टाकू?"

आता कामाचं. रंग हिरवा होता, दाट, आणि नवा होता. परभणीला आठच दिवसांपूर्वी मारलेला. नवा रंग महिनाभर उघडा ठेवावा लागतो. आतला थिनर उडून गेला नाही आणि वरून पन्नी बसली, तर रंग पत्र्याला धरत नाही, पन्नीला धरतो. हे तिने त्याला सांगितलं. पन्नी काढाल त्या दिवशी रंग संगं येईल, असंही सांगितलं.

"मंग काढायचीच न्हाई," तो म्हणाला.

महिन्याने या, असं म्हणणं तिचं काम होतं. पण महिन्याने आलेला माणूस अप्पांकडे येतो, चहाला जातो. तिने तीन कोपऱ्यांवर तांब्या फिरवला. चौथ्यापाशी हात थांबला... आणि तिने तांब्या खाली ठेवला.

जाताना त्याने पुढच्या काचेवरच्या रिकाम्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिथे सगळे देवाचं नाहीतर आईचं नाव टाकतात. "तेवढं राहू द्या. नाव ठरायचंय."

पुढच्या बाजाराला डावा कोपरा वाळल्या पानासारखा उचललेला होता, आणि भुजंग हजर होता. अप्पांनी त्याला चहाला पाठवलं. तो हॉटेलच्या पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने निघून, वळसा घालून बोळात आला. कोपरा धुवायचा, पुसायचा, परत चिकटवायचा - पाव तास. तो उपासाबद्दल बोलला, ती हैदराबादी रोलबद्दल. नाव ठरलं का, तिने विचारलं. ठरायलंय, तो म्हणाला.

तिसऱ्या बाजाराला उजवा कोपराही सुटलेला. आता उजव्या कोपऱ्यावर तिने स्वतः दोनदा तांब्या फिरवला होता. तिने वाकून पाहिलं. कडेला बारीक अर्धचंद्र उमटले होते, एकापुढे एक.

"हे कशानं झालं?"

"शेळ्या. बाजाराला शेळ्या लय असतात गाडीत."

"शेळीला नखं असतात?"

"आमच्याकडच्या शेळ्यांना असतात."

ती हसली नाही. ओठ दाबून धरले आणि फेस जरा जास्तच केला. पाव तासाचा अर्धा तास झाला होता. वरचा पाव कुणी घातला, हे तिने विचारलं नाही. फुकटात आलेल्या मापाची चौकशी शहाणं माणूस करत नाही.

उरलेले सहा दिवस मात्र ज्याचे त्यालाच काढायचे असतात. तरटाआड बसून ती अक्षरं कापायची. बाहेर कंडक्टर गावांची नावं ओरडायचे, गाड्या यायच्या, जायच्या, आणि प्रत्येक गाडीत कुणी ना कुणी कुणाकडे तरी जायला बसलेलं असायचं. दुपारी स्टँड शांत झालं की अप्पांच्या घोरण्याशिवाय आवाज नसे. हॉर्न वाजला की तिचा हात थांबायचा. त्याच्या जीपचा हॉर्न ती ओळखायला लागली होती, आणि तो सहा दिवस दुकानासमोरून न थांबता जायचा. बघणाऱ्यांना कारण द्यावं लागतं. कारण आठवड्यातून एकदाच सुटायचं.

"नाव किती अक्षरी हाय, ते तर सांगा," एकदा तिने विचारलं. "रेडियम तेवढं काढून ठेवते."

"तीन."

"तीन अक्षरी देव लय हायेत."

"देव न्हाई," तो म्हणाला, आणि भरलेली बादली ओतून परत भरायला निघाला.

त्या रात्री तिने बोटांवर तीन अक्षरं मोजली. भा, ग, म्मा. मग स्वतःच्याच बोटांचा राग आला. लिंगायताच्या घरातली ती, मराठ्याच्या घरातला तो. बोटांवर मोजून असलं काही जुळत नसतं.

वैशाख आला. पत्रा हात लावू देईना. दोन्ही कोपऱ्यांतून धूळ आत शिरून बोनटवर मातकट नकाशा झाला होता. तात्याराव नेटका माणूस; धोतराला डाग खपायचा नाही, तर गाडीला कसा खपावा. त्याने एका सकाळी खळ्यात उभं राहून कोपरा धरला आणि पन्नी एका झटक्यात ओढली. तापल्या दुधावरची साय निघावी तसा हिरवा रंग सगळाच्या सगळा तिच्यासोबत आला.

त्याच दुपारी ती गुंडाळी त्याने अप्पांच्या पुढ्यात टाकली. बाजाराचा दिवस. माणसं थांबलीच. मागे भुजंग, खाली मान घालून. तरटाच्या भोकातून भागम्माला त्याची नखं तेवढी दिसत होती.

तात्याराव ओरडला नाही. त्याने विचारलं, ही तुम्हीच लावली का. अप्पा म्हणाले, मीच. नवा रंग तुम्हाला कळला नाही का. अप्पा म्हणाले, चुकलं. तात्यारावाने रोलकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मंग एक तुकडा कापून लावा माझ्या पुढं. पाहू द्या मला बी, पाथरीचा साफ हात."

अप्पांनी ब्लेड उचललं. उपरणं घसरलं. ब्लेडचं पातं उन्हात लुकलुकायला लागलं, थांबेचना. बघ्यांमधला एकजण हसला.

भागम्माने तरट बाजूला केलं.

"अप्पा, ठेवा ते," ती म्हणाली. मग तात्यारावाकडे वळली. "पन्नी मी लावली. दुकानातल्या सगळ्या मीच लावते. रंग कच्चा हाय, ते मला म्हाईत होतं. आन् डावा कोपरा मी मुद्दाम सैल सोडला."

"कामून?"

तिने तोंड उघडलं. इतक्या माणसांपुढे ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती, आणि पहिल्याच दिवशी असला प्रश्न. 

"उजवा मी उचकटला, तात्या," भुजंग म्हणाला. मान वर आली होती. "नखानं. दर बाजाराला."

"तू कामून?"

"एका कोपऱ्याला पाव तासच लागायलता."

कुणी हसलं नाही. हसणाऱ्यालाही कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. भागम्माने भुजंगकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, तसाच, हाताकडे बघायचा तसा.

तात्यारावाने तळहात पुढे केला. भुजंगने खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली. झालं.

पुढे जीप परभणीला जाऊन निळी होऊन आली. सटवाजी नावाचा पगारी ड्रायव्हर ती चालवायला लागला, आणि काचेवरच्या पट्टीवर कुठल्याशा पेंटरने 'तात्याराव' लिहिलं. ती दुकानासमोरून दिवसातून चारदा जायची. भागम्माला तो हॉर्न ऐकू न येण्याची सवय करायची होती, ती होईना. भुजंग शेतात असतो, एवढंच कानावर आलं. काही गिऱ्हाइकं तुटली. काही आली, पण आता चहाला जाईनात. अप्पा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसून, भर रस्त्यात, कापऱ्या हाताने बशीतला चहा प्यायला. निम्मा सांडला. तरट त्यांनीच काढलं. वारा येत नाही, म्हणाले.

तिला आता सगळं दिसत होतं. स्टँड, गाड्या, माणसं. मोकळं बसूनही माणूस एकटं बसू शकतं, हे तिला आधी माहीत नव्हतं.

श्रावणातला बाजार. भुरभुर चालली होती, पत्र्यावरून थेंब ओळीने पडत होते. एस.टी.तून भुजंग उतरला. पायांना काळी माती, हातात काही नाही. दुकानापाशी आला आणि पन्हळीच्या धारेबाहेर, भिजतच उभा राहिला.

अप्पांनी विचारलं, काय काम काढलं. काम नाही, तो म्हणाला. अप्पांनी त्याच्या मातीभरल्या पायांकडे पाहिलं, आणि आत बघून म्हणाले, "भागू, गिऱ्हाईक न्हाई. तुझ्याकडंच आलंय."

ती पुढे आली. रेडियमची कात्री हातातच राहिली होती.

"गाडी?"

"न्हाई."

"मंग कोपरा कशाचा बसवू?"

"कशाचाच न्हाई." तो अडखळला... "कारण काही सापडंना. मंग म्हटलं, तसंच जावं. कारण नसताना."

दुकानाबाहेर गिऱ्हाइकांसाठी एक बाक होता. भागम्मा त्यावर कधी बसली नव्हती. तिने त्याला बसायला सांगितलं. तो एका टोकाला बसला.

मांडून पाहिलं तर असं होतं: जीपने रंग दिला होता, अप्पांनी तीस वर्षांचं नाव दिलं होतं, भुजंगने किल्ली दिली होती. जिने पाव तासासाठी हे सगळं सुरू केलं, तिचं देणं तेवढं बाकी होतं.

तिने कात्री आत ठेवली. हात पुसले. बाहेर आली आणि भर बाजारात, समोरच्या स्टँडवर तीन गाड्या माणसांनी भरलेल्या असताना, त्याच्या शेजारी बाकावर बसली. खिडक्यांतून माना वळल्या. एक बाई पदराआड काहीतरी बोलली. निळी जीप समोर थांबली होती. सटवाजीने बघून घेतलं, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत गोदाकाठी पोचणार होतं.

पाव तास झाला. अर्धा झाला. भागम्मा उठली नाही.