बिजागरीची चाचणी

दोन पडद्यांच्या फोनची तुलना करून संध्याकाळपर्यंत लेख द्यायचा होता. मासिकासाठी मी हेच काम करतो, अकरा वर्षं झाली. टेबलावर दोन फोन होते. एकाचा दुसरा पडदा पाठीवर, त्यामुळे तो धरायचा कुठे हाच प्रश्न. दुसरा वहीसारखा मिटणारा, मधोमध बारीक बिजागरी.

व्हिडिओ कॉलच्या चाचणीला मी नेहमी ताईलाच पकडतो. ती बोलायला लागली की तासाभराची निश्चिंती. पहिल्या फोनवर सगळं ठीक झालं. मग मिटणाऱ्या फोनवरून कॉल लावला. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र: ताई इस्त्री करत उभी.

"पुन्हा तूच? आत्ताच तर डोकं खाऊन गेलास!"

"फोन दोन आहेत, ताई. दोघांना सारखं खायला मिळायला नको?"

डाव्या पडद्यावर ती हसली. उजव्या पडद्यावर हसली नाही.

चित्र मागे पडत असेल, म्हणून मी थांबलो. डावीकडची ताई शेजारणीच्या कागाळ्या सांगत शर्टाची बाही सरळ करत होती. उजवीकडच्या ताईनं इस्त्री बाजूला ठेवली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि हळूहळू मान हलवत होती. नको, नको.

मी वहीत लिहिलं: 'उजव्या पडद्यावर चित्र वेगळं.' मग फोन मिटला आणि उघडला.

"आई गं!" डावीकडची ताई टेबलाला धरून वाकली होती.

"काय झालं?"

"कंबरेत चमक भरली रे. अशी कधी भरली नव्हती."

उजवीकडची जमिनीवर बसली होती. दोन्ही हात जोडलेले.

योगायोग असू शकतो. एका वेळेवरून काहीच ठरत नाही; मी पुन्हा मिटला. या वेळी आधी किंकाळी ऐकू आली, मग पडदे उजळले.

खरं सांगतो, मला भीती वाटली नव्हती. उत्सुकता वाटत होती.

मी आणखी चार वेळा मिटला.

शेवटच्या वेळी डावीकडे नुसतं टेबल दिसत होतं. भावोजी धावत आले. "फोन ठेव! ही खाली पडलीये, हिचे पाय हलत नाहीयेत."

उजवा पडदा काळा होता.

लेख वेळेत गेला. 'बिजागरी मजबूत आहे,' असं मी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो. दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. मणक्याला काहीच झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणत होते, आणि तेच त्यांना समजत नव्हतं. भावोजी औषधं आणायला खाली गेले, तशी ताईनं मला जवळ बोलावलं.

"मी नको म्हणत होते," ती कुजबुजली. "हात जोडले होते तुला. दिसलं नाही?"

"नाही, ताई."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि माझा हात थोपटला.

नर्स आली. तिनं चादर बाजूला केली. ताईच्या कंबरेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ, बारीक रेघ होती. नर्सनं पाय धरून तिला कुशीवर वळवलं. ताईला कळलंही नाही.

पायावर नर्सच्या पाच बोटांचे ठसे उमटले, काचेवर उमटतात तसे, धुरकट. तिनं खिशातून मऊ फडकं काढलं आणि सवयीनं ते पुसून टाकले.