मोजणीबाहेरची शीळ

कंपाउंडरकाका निवृत्त झाले तेव्हा काकूंना वाटलं, आता हा माणूस घरात बसून डोकं खाणार. पण काकांना पक्ष्यांचं वेड लागलं आणि काकू सुटल्या. एका वर्षात जिल्ह्यात सर्वांत जास्त जातींचे पक्षी नोंदवायचा विक्रम एका वकिलाच्या नावावर होता. काकांनी उन्हातान्हात पायपीट करून त्याची बरोबरी केली. आता एकच पक्षी हवा होता आणि वर्षाचाही शेवटचाच दिवस उरला होता.

"वकील म्हणतो, बरोबरीला कोण विचारतंय," बूट घालता घालता काका म्हणाले. "तू चल. पक्षी दिसला नाही, नुसता ऐकला, तर दोघांनी ऐकावा लागतो. नियमच आहे तसा."

"जन्मभर माझं ऐकलं नाहीत आणि आता माझेच कान हवेत," काकू म्हणाल्या. पण थर्मासात चहा भरून निघाल्या.

तळ्याकाठी ऊन कलतं झालं होतं. पाणी हलत नव्हतं. कुजक्या पानांचा ओलसर वास होता आणि माणसाहून उंच पाणकणसं काठाला दाटीनं उभी होती. त्यात राहणारा तो तपकिरी पक्षी सहसा दर्शन देत नाही. त्याच्यासारखी शीळ घालायची आणि वाट बघायची. काकांनी ओठ ओले केले. लांब, उतरत जाणारी शीळ घातली.

बराच वेळ काहीच नाही. मग आतून तशीच शीळ आली.

"ऐकलंस?"

"ऐकलं हो."

काकांचे डोळे भरून आले. दोघं थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीनं चहा प्यायले, नव्यानं लग्न झाल्यासारखे.

तेवढ्यात पक्षी स्वतःच चिखलावर आला. आता साक्षीदाराचीही गरज नव्हती. काका श्वास रोखून बघत असतानाच आतून पुन्हा शीळ आली.

पक्ष्याची चोच मिटलेली होती. एक पाय उचलून, मान वळवून तोही ऐकत होता. मग तो पळत सुटला. पाणकणसांत नाही, उघड्या पाण्याकडे.

"मग आत कोण आहे?" काकूंनी हळूच विचारलं.

"असेल जोडीदार."

आनंदात माणसाला सगळंच गोड वाटतं. पक्षी सापडला की पुन्हा शीळ घालू नये, मुक्या जिवाला उगाच त्रास देऊ नये, हे काकाच सगळ्यांना शिकवायचे. पण निघताना ते वळले आणि आभाराची म्हणून आणखी एक शीळ घातली. उत्तर आलं नाही.

घरी येऊन काकूंनी कुलूप काढलं, दिवे लावले. काकांनी वकिलाला फोन लावला. ऐकून तो हसला. "मानलं बुवा. उद्या चहाला येतो. साखर जास्त टाका, तोंड कडू झालंय."

काका हसतच होते. फोन ठेवला आणि आतल्या खोलीतून शीळ आली. लांब, उतरत जाणारी.

खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती.

"अहो... एकच जात दोनदा मोजतात का?"

"नाही."

"मग... राहू द्या ना."

काका दाराकडे बघत राहिले. "हा... तो पक्षी नाही."

आणि दारापलीकडे कुणीतरी पुढच्या शिळेसाठी सावकाश छातीभर श्वास घेतला.