मी जिंकले त्या दिवशी

"अहो, उठा! तुम्ही माझ्या बेडकावर बसलाय!"

चुडाव्याच्या स्टेशनावर गाडीत चढलेला तो उंच मुलगा असा काही उडाला, की वरच्या फळीवर त्याचं डोकं आपटलं. बाकावरच्या पुठ्ठ्याच्या डब्यात, कॉलेजात दाखवायला म्हणून मी जपून साफ केलेली बेडकाची हाडं होती. आता त्यांचा भुगा झाला होता. कोपऱ्यात बाबा पेंगत होते. बाहेर आश्विनातली सर पडत होती आणि त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

"जिवंत होता?" त्याने घाबरून विचारलं.

"आता विचारून काय उपयोग?"

"मग… त्याच्या घरच्यांना काय सांगू?"

मी हसू दाबलं, पण त्याला दिसलंच. नथनेल नाव त्याचं. चुडाव्याच्या मिशन शाळेतल्या सटवाजी मास्तरांचा मुलगा. हैदराबादला माझ्याच कॉलेजात, माझ्याच विषयाला होता, आणि मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं!

मग मात्र रोज दिसायला लागला. निजामाचं राज्य, त्यामुळे कॉलेजात सारं शिकणं उर्दूतून. मराठी बोलायला मिळावं म्हणून आम्ही एकमेकांना शोधायचो. निदान मी तरी स्वतःला तसंच सांगायचे. डबा उघडला की तो डोळे मिटून प्रार्थना करी, आणि तेवढ्यात मी त्याच्या डब्यातली चटणी पळवायचे.

"देव बघतोय," तो डोळे न उघडता म्हणायचा.

"देव कशाला, तुम्हीच बघताय… पापण्या हलतात."

मार्गशीर्षात एके दिवशी आम्ही अंड्यातलं तीन दिवसांचं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्याच्या मानेपाशी माशाच्या कल्ल्यांसारख्या खुणा होत्या, जणू मासा आणि कोंबडी एकाच कुळातले. नथनेल खूप वेळ वाकूनच राहिला. बाहेर पायरीवर बसल्यावर हळूच म्हणाला, "देवानं एकेक प्राणी वेगळा घडवला, हे मी सुट्टीत बाबांना रोज बायबलातून वाचून दाखवतो. आता वाचताना खोटं बोलल्यासारखं वाटायलंय… तुमच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. बाबांना कळलं तर—"

"नाही सांगणार," मी म्हणाले. त्याचा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. तो तिथंच राहिला.

नाताळच्या सुट्टीत परभणीच्या वाचनालयाने विद्यार्थ्यांची वादसभा ठेवली. विषय होता, 'उत्पत्ती की उत्क्रांती?' आयोजकांनी नथनेलला श्रद्धेच्या बाजूने उभं केलं आणि मला विरुद्ध. तो अडखळतच उठला, पण फार सुंदर बोलला. माणूस कुठून आला हे शास्त्र सांगेल, पण माणसाने कसं वागावं हे कोण सांगणार, असं त्याने विचारलं, तेव्हा सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. मी हरत होते. हरायची मला सवय नव्हती.

उठले आणि बोलून गेले, "याच गृहस्थांनी मला सांगितलंय, की बायबल वाचताना त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटतं. मग इथं ते काय करत आहेत?"

केवढा हशा पिकला! शिट्ट्या वाजल्या. त्या गोंगाटात मला शेवटच्या रांगेतला पांढरा फेटा दिसला. पुढच्या रांगांतले लोक मागं वळून त्या म्हाताऱ्याकडे, नथनेलच्या बाबांकडे, बघत होते. म्हाताऱ्याने मांडीवरचं पुस्तक उचललं, छातीशी धरलं.

नथनेल उभा राहिला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्या म्हणतात ते खरं आहे," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला.

पहिलं बक्षीस मला मिळालं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आरशात बघवेना. कुणी "शाबास" म्हटलं की कान जळायचे. तिसऱ्या दिवशी बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणजे परभणीच्या तालुकदार कचेरीतले पेशकार गोविंदराव, एरवी कडक माणूस. त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. मग म्हणाले, "मी येतो चुडाव्याला. पण बोलायचं तू."

दारावर नाताळची कागदी चांदणी अजून होती. सटवाजी मास्तर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकले.

"बस, पोरी," ते म्हणाले. "ते तुझं न्हवतं सांगायचं. चुकलीस."

"हो," मी म्हणाले आणि रडू आलं.

"पर लाज मला वाटायलीय. मी बापाचा देव सोडून हिकडं आलो, तवा बाप मरेपर्यंत माझ्याशी बोलला न्हाई. आन् आज माझं लेकरू मला भेतंय. म्हंजी मी बी तसलाच बाप झालो का?" त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "रातच्याला मी त्याला म्हनलं, तुला खरं वाटतंय तेवढंच वाच. पर वाचायला माझ्याजवळ बस."

नथनेल विहिरीपाशी होता. मी गेले तरी तो पोहरा सोडतच राहिला.

"मी क्षमा मागायला—"

"अजून राग आहे," तो म्हणाला. "आणि लाज याची वाटते, की रागातही वाट बघत होतो. रोज गाडीची शिट्टी झाली की…" त्याने पोहरा वर ओढला. "माझं गुपित तुम्ही फोडलंत. आता तुमचं एखादं द्या मला."

माझ्याकडे एकच होतं.

"तू मला आवडतोस," मी म्हणाले. "बेडकाचा भुगा केलास तेव्हापासून."

पोहरा त्याच्या हातून निसटला. त्याचे कान लाल झाले. ओट्यावर बाबा मास्तरांशी बोलत बसले होते, हाकेच्या अंतरावर. त्याने एकदा तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे मी कुणाला सांगणार नाही," तो हळू म्हणाला. "तू सांगेपर्यंत."

माझी मान खाली गेली. माझ्यावर विश्वास ठेवून त्याने जे दिलं होतं, ते मी भर सभेत उधळलं होतं. आणि माझं मात्र तो असं जपायला निघाला होता!

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले. चुडावा मागं पडलं. पूर्णा यायच्या आत मी त्यांचा हात धरला.

"बाबा… अजून एक सांगायचंय. हे माझं स्वतःचं आहे."