आतला टायर

ते लाकूड जरा आत सार रे भगीरथ, सगळा धूर माझ्याच डोळ्यांत येतोय. हां, आता बसा नीट. हरेशची गोष्ट सांगतो. आसनगावचा हरेश, आपल्या शेणव्याचा जावई. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याची ती घरगाडी बघितली असेल. खोटं वाटलं तर आसनगावला जाऊन त्याला विचारा, पण दिवसाउजेडी विचारा. अंधार पडल्यावर तो यावर बोलत नाही.

घरगाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. हरेशने ती घेतली, बाकडी उपटून काढली आणि मेहुण्याला, आपल्या ओमकार सुताराला, हाताशी धरून आत अख्खा संसार मांडला. पलंग, ओटा, शेगडी, फडताळं, खाली पाण्याची मोठी टाकी. मुंबईची माणसं असली गाडी भाड्याने घेतात, माळशेजला कड्याजवळ उभी करतात आणि आपण रोज बघतो तोच डोंगर खिडकीतून बघत चहा पितात. हौस त्यांची. हरेशला त्यात धंदा दिसला. माणूस कष्टाळू, गाडी केली झकास.

अडलं एकाच ठिकाणी. टायरात हवा किती भरायची?

हसायला काय झालं? तुमच्या मोटारसायकलीत तरी धड असते का? बसच्या दाराला एक पट्टी होती, तिच्यावर आकडा होता, पण तो शाळेच्या पोरांच्या वजनाचा, पलंग-ओट्याचा नव्हे. शहापूरच्या टायरवाल्याने दुसराच आकडा सांगितला. ओमकार म्हणाला, "भावजी, ओझं हाय ना, मंग टम्म भरा." टम्म भरली तर गाडी अशी उडायची की फडताळातल्या बश्या फुटल्या. कमी केली तर वळणावर म्हशीसारखी झुलायची.

हरेशने पूर्वी ट्रक चालवलेला, त्यामुळे खरी रीत त्याला ठाऊक होती. गाडी पुरती भरायची, पाण्यासकट. काट्यावर पुढचं वजन वेगळं घ्यायचं, मागचं वेगळं. मग टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनासमोरची हवा बघायची. आणि भरायची ती गार टायरात. चाललेला टायर तापतो, आतली हवा फुगते आणि मीटर खोटं बोलतो. म्हणून गाडी रात्रभर उभी पाहिजे आणि सकाळी हलवण्याआधी हवा बघायला पाहिजे.

हे सगळं त्याला लगेच करायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सासरची माणसं गाडीत बसणार होती. सासू, सासरे, ओमकारची दोन पोरं. परक्यांच्या आधी घरचे बसले पाहिजेत, असा त्याच्या बायकोचा, अनिताचा, हट्ट. आणि जायचं कुठे, तर माळशेज घाट. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

गेल्या पौषातली अमावस्या, रविवार. दिवेलागणीला हरेश, अनिता आणि त्यांची छोटी सावळी गाडी घेऊन मुरबाडकडच्या एका खडी क्रशरच्या वजनकाट्यावर गेले. सासरच्या माणसांच्या जागी तांदळाची पोती ठेवली होती. सासूबाईंच्या जागी किती पोती ठेवायची, यावरून नवराबायकोत थोडं वाजलंही. वजन झालं, तक्ता बघितला. पुढे साठ, मागे अडुसष्ट. हरेशने आकडे डोक्यात ठेवले आणि खुशीत गाडी परत फिरवली.

सासरच्या घराकडची गल्ली अरुंद, चढाची. गाडी रात्रभर उभी करायला सपाट जागा हवी. शेणव्याच्या अलीकडे तशी जागा एकच. दामूच्या शेडपुढचा कोबा.

गप्प झालात ना? तुम्हाला ती बंद शेड माहीत आहे, पण दामू आठवत नसेल. मी त्याच्याकडे किती वेळा बसलोय. पंक्चर काढायचा, हवा भरायचा. हवा भरून झाली की लोखंडी टॉमी, चाक खोलायचा तो दांडा, घेऊन प्रत्येक टायरवर एक ठोका मारायचा आणि कान लावायचा. भरलेला टायर 'ठण्' वाजतो, मऊ असला तर 'भद्'. भद् वाजलेल्या टायरवर तो गाडी सोडायचाच नाही, ड्रायव्हर कितीही बोंबलू दे. सगळं जमलं की खडू जिभेवर टेकवून ओला करायचा आणि टायरवर आकडा लिहायचा. मराठी आकडा, खाली एक आडवी रेघ. ओल्या खडूचं रबरावर टिकतं म्हणायचा.

तो गेला तोही हवा भरतानाच. एका ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग सुटली आणि छातीत बसली. अशा चाकाला हवा भरण्याआधी साखळी गुंडाळतात, रिंग सुटलीच तर उडू नये म्हणून. दामू कधी चुकायचा नाही. त्या दिवशी मात्र साखळी भिंतीला तशीच टांगलेली राहिली. का राहिली, ते गावात कुणी बोलत नसे. त्याची बायको हिरी नंतर डोळखांबला भावाकडे निघून गेली.

तर त्या कोब्यावर हरेशने गाडी लावली. उतरला, बाहेरच्या टायरांवर एकेक लाथ मारली. अनिता दारात उभी होती.

"मागं आतून पण दोन हायत ना? त्यांचं काय?"

"बाहेर जितकी हवा, तितकीच आत. आतल्या वॉल्व्हला नळी कुठं पोचतेय? कोणी नाय बघत."

खरं आहे, कोणी बघत नाही. मागे दोन-दोन टायर जोडीने असतात. बाहेरच्याला लाथ मारायची आणि निघायचं, ही सगळ्या ड्रायव्हर लोकांची सवय. आतला मऊ असला तर सगळं ओझं एकट्या बाहेरच्यावर येतं आणि तो तापून फुटतो. नेमका उतारावर फुटतो.

जेवणं झाली, सावळी झोपली, दिवा मालवला. अनिता म्हणाली, "इथं नको व्हतं थांबायला." शेडकडच्या खिडकीचा पडदा तेवढा हरेशने ओढून घेतला.

काय गो रविना? भूत कुठंय म्हणतेस? येतंय, ऐक.

डोळा लागला असेल नसेल. पुढून आवाज आला.

ठण्.

हरेशने डोळे उघडले. त्याला वाटलं, इंजिन गार होताना पत्रा वाजतो, तसं असेल.

ठण्.

या वेळी पुढच्याच बाजूने, पण उजवीकडून. म्हणजे कोणीतरी गाडीला वळसा घालत होतं. पावलं वाजत नव्हती. कोब्यावर सुका पाला पडला होता, तोही वाजत नव्हता. अनिता जागी झाली होती. तिने त्याचा दंड धरला.

"कोण हाय?"

हरेशने बोट ओठांवर ठेवलं. पडदा किंचित सारला, मोबाईलचा उजेड बाहेर टाकला. कोबा, पाला, शेडचं गंजलेलं दार, दाराला कुलूप. माणूस नाही. उजेड पडला तसा आवाज थांबला. उजेड मालवला...

ठण्. मागून, उजवीकडून. लगेच अजून एक, जरा दबका, आतला असावा. ठण्.

मग डावी बाजू. ठण्.

पाच झाले. टाकीतलं पाणी एकदा डुचमळलं, गाडीला कोणीतरी खांदा टेकवून वाकावं तसं.

भद्.

हरेशने तो लगेच ओळखला. वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज. तो विसरेल कसा?

भद्... भद्...

आता तो पुढे सरकत नव्हता. तिथेच. डाव्या बाजूला, मागे, आतल्या टायरवर. हरेशच्या उशाखाली.

"अहो," अनिता कुजबुजली, "शेवटचा येगळा वाजतोय."

हरेश उठला. अनवाणीच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. इथून निघायचं. गाडी कुठेही जाऊ दे, पण इथून निघायचं. किल्ली फिरवली, इंजिन लागलं.

भद् भद् भद् भद्...

ठोके असे सुटले की गाडीचा तळ हादरला. फडताळातली भांडी वाजायला लागली. सावळी उठून रडायला लागली, अनिताने तिला पोटाशी धरलं. हरेशने इंजिन बंद केलं.

ठोके थांबले.

त्याने परत किल्लीला हात लावला. नुसता हात.

भद्.

हात काढला... शांत. इतकं शांत की सावळीचे हुंदके कानात वाजत होते. आणि मग, मागून, अगदी सावकाश, लोखंड लोखंडावरून ओढल्याचा आवाज आला.

खळ्... खळ्...

साखळी.

हरेशने स्टिअरिंग घट्ट धरलं. मागे वळून न बघताच तो बोलला.

"अनिता... त्या दिवशी तो ट्रक माझा व्हता."

तिने सावळीला थोपटलं.

"तो साखळी लावत व्हता. मला टाइम नव्हता. मीच बोललो, ऱ्हाऊ दे रे दामू, आवर लवकर. त्यानं... ऐकलं माझं."

मग अनिता म्हणाली, "मला म्हाईत हाय. हिरीवैनींनी लग्नाआधीच सांगितलं व्हतं."

हरेश रडला. मोठा माणूस, पोरीसमोर रडला. इतकी वर्षं ज्या रस्त्याने यायचं तो टाळत होता, त्याच रस्त्यावर, त्याच कोब्यावर आज स्वतःच्या बायकापोरांना घेऊन तो थांबला होता. बाहेर जो होता त्याला नेमकं काय हवंय, हे त्याला ठाऊक नव्हतं. माझं काय घ्यायचं ते घे, पण या दोघींना सोड, एवढंच त्याच्या मनात होतं.

आणि मग त्याला दामूची रीत आठवली. भद् वाजलेल्या टायरवर तो गाडी सोडायचा नाही.

त्याने किल्ली काढली. काच थोडी खाली केली. गार वारा आत आला, त्यात रबराचा वास होता.

"दामू," तो म्हणाला, "नाय जात मी. सकाळी चाक खोलतो. आतलं बघतो." मग श्वास घेऊन म्हणाला, "साखळी लावून भरतो हवा. तुझी शप्पत."

काहीच नाही...

काहीच नाही...

मग एकदाच, हळू. खळ्.

त्यानंतर पहाटेपर्यंत काही वाजलं नाही. तिघंही एका पलंगावर बसून होते. मध्येच कधीतरी सावळी झोपली.

उजाडलं तसा हरेशने ओमकारला फोन केला. तो जॅक घेऊन आला. भाचीने रात्रीचं सांगितलं तसा हसला आणि सासुरवाडीच्या मच्छरांवर काहीतरी बोलला. शेडचं कुलूप तसंच होतं, गंजून जाम झालेलं. कोब्यावरचा पालाही हललेला नव्हता. पोती उतरवून झाली, मग मागचं डावं चाक उचललं. बाहेरचा टायर खोलताना ओमकारचं तोंड चालूच होतं. चाक निघालं, आणि तोंड बंद झालं.

आतल्या टायरात बोटाएवढा लोखंडी तुकडा घुसला होता. हवा जवळपास नव्हतीच. बाहेरच्या टायरची कड तापून तापून फुगली होती, त्यावर भेग गेली होती. माळशेजच्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वळणावर तो टायर फुटला असता. सासू, सासरे, पोरं, सगळे आत असते.

पण ओमकार तिकडे बघत नव्हता.

"भावजी," तो म्हणाला, "हे तुमी लिवलंत?"

दोन टायर एकमेकांना चिकटून असतात, मध्ये फार तर बोट जाईल. बाहेरचं चाक काढल्याशिवाय तिथे हात घालून काही लिहिता येत नाही. आणि ते चाक आता, त्यांच्या डोळ्यांसमोर निघालं होतं. आतल्या टायरच्या काळ्या रबरावर पांढऱ्या खडूने आकडा लिहिला होता. ६८. खाली एक आडवी रेघ.

काट्यावरून निघाल्यापासून तो आकडा हरेशने तोंडातून काढला नव्हता.

तो गुडघ्यांवर बसला. बोट पुढे केलं, आकड्यावरून हळूच फिरवलं.

खडू ओला होता.