मधला बांध

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. तरी जेवण उरकून इंजिनीअर उन्मेष कारखानीस हेंद्रेपाड्याच्या घरून स्कूटरवर आनंदनगरच्या कारखान्यात आला. सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. त्याआधी गाडीच्या डॅशबोर्डवर बसणाऱ्या नव्या डिस्प्ले पॅनेलची एक चाचणी पुन्हा घ्यायची होती. अर्ध्या तासाचं काम. वॉचमन कमळाकरने किल्ली दिली.

चाचणीची खोली बिनखिडकीची, भिंती काळ्या रंगवलेल्या. बाहेर दुपारचे तीन वाजलेले, पण आत दार लावलं की स्वतःचा हात दिसू नये असा अंधार. सोल्डरचा जुना वास तिथे कायमचा मुरलेला.

त्याने पॅनेल चालू करून पूर्ण काळं चित्र पाठवलं. पडदा काळाभोर दिसायला हवा होता. मधोमध एक राखाडी सावली होती, उभी, धुरकट.

ही सावली घालवल्याबद्दलच तर दोन वर्षांपूर्वी त्याचा सत्कार झाला होता.

पॅनेलवरचा प्रत्येक ठिपका आपल्यापुरता थोडा विद्युतदाब साठवतो आणि तेवढाच उजळतो. शेजारच्या तारेतला दाब वरखाली झाला की साठवलेला दाबही हलतो, आणि चित्रात नसलेली सावली उमटते. तिच्यापायी आठ महिने सगळे हैराण होते. तोडगा काढला वेणूताई भोईरने. ती बुवापाड्याची, पंधरा वर्षं याच खोलीत पॅनेल तपासणारी. एकदा डबा खाताना म्हणाली, "सर, आमच्या वडलांच्या मिठागरात एका खणाचं पाणी दुसऱ्यात झिरपू नये म्हणून मधी बांध घालायचे. हितं पन घाला ना एक. बारीक तार, दोघांच्या मधी, कायम एकाच दाबावर ठेवलेली."

बांध घातला, सावली गेली. पेटंटच्या अर्जावर नाव लागलं एकट्या उन्मेषचं.

"माझं पन नाव टाकाल ना, सर?" असं तिने आधीच विचारलं होतं. तो हो म्हणाला होता. सत्काराला ती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, त्याच्याकडे न बघता. चार महिन्यांनी काविळीने गेली. मीटिंग आहे असं सांगून उन्मेष मयतीलाही गेला नाही.

आता त्याने नेहमीची खटपट सुरू केली. सैल अर्थिंग घट्ट केलं. पंखा बंद केला. मोबाइल बाहेर ठेवून आला. विजेची लुडबुड कमी होईल तशी सावली फिकट व्हायला हवी होती. ती उलट रेखीव होत गेली. खांदे दिसू लागले. केबलवर जाळीचं आवरण चढवलं, तर अंबाडा दिसला आणि त्यात खोचलेला टेस्टर. असा टेस्टर अंबाड्यात खोचून फिरणारी कारखान्यात एकच बाई होती. त्याच्याकडे तोंड करून ती बसली होती. चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख.

त्याने सिग्नलची केबल उपसली. मग वीजच तोडली.

बंद पॅनेलवर ती तशीच बसून होती. तिचे हात हळूच वर आले... एकमेकांवर टेकले... दूर झाले... पुन्हा टेकले. आवाज काहीच नाही.

भीती वाटलीच. पण भीतीच्या आधी त्याचे कान तापले, आणि शाळेत चोरी पकडल्यावर जावी तशी मान खाली गेली.

"वेणूताई..." तो पुटपुटला. "नका ना वाजवू..."

हात थांबले नाहीत.

धडपडत बाहेर येऊन त्याने कारखान्याच्या मॅनेजरला, गुरुदत्त सरांना फोन लावला. "सर, तो बांध माझा नव्हता. वेणूताईंचा होता. मी खोटं बोललो."

"ती बाई गेली, उन्मेष. आता कशाला उकरतोस?"

"त्यांचं नाव लावायचंय."

"मग कागद तयार कर. तुझं काय करायचं ते सोमवारी बघू."

ऑफिसात बसून त्याने लिहिलं: या रचनेची मूळ कल्पना वेणू भोईर यांची आहे. पूर्ण नाव लिहायला गेला, तर तिच्या नवऱ्याचं नावसुद्धा त्याला माहीत नव्हतं. सहा वर्षं एकाच टेबलावर डबा खाल्ला होता. कागद छापला, न वाचताच घडी घालून खिशात टाकला आणि बुवापाडा गाठला.

वेणूताईच्या मुलीने, स्वप्नालीने, त्याला आत बोलावलं नाही. दारातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं. फक्त खोलीत पाहिलेलं सांगितलं नाही.

"आईला माहीत होतं," स्वप्नाली म्हणाली. "सत्काराहून आली आणि म्हणाली, सायबांना विसर पडला असंल."

उन्मेषला वर बघवेना. त्याने कागद पुढे केला. तिने तो वाचला, मग पुन्हा वाचला.

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुठलं?"

"मधु रघु म्हात्रे. आईचं माहेरचं नाव. लग्नात बदललेलं, तीस वर्षं झाली. आजी गेल्यापासून हे नाव घेणारं कुणी उरलेलंच नाही..."

त्याने कागद हातात घेतला. त्याने टाइप केलेलं वेणू भोईर त्यावर कुठेच नव्हतं.